आधी घराचं उणं

घर दाखवणारी माणसं कशी असतात ते मला कुणी शिकवायला नको. शहरात अशांच्या मागे फिरून आम्ही चपला झिजवल्या होत्या. हातात किल्ल्या, चेहऱ्यावर हसू आणि तोंडात साखर. खोली अंधारी असली की म्हणणार, उन्हाळ्यात थंड राहते बघा. खिडकीसमोर भिंत असली की म्हणणार, वारा जरा कमी, पण कुणाची नजर नाही. त्यामुळे बोटीतून उतरल्या उतरल्या जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक ठेंगणी बाई पुढे आली आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाली, "आधी घराचं उणं सांगते, मग घर दाखवते. चालेल?" तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं. म्हटलं, ही काहीतरी नवीनच तऱ्हा दिसते.

माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. तसं ते फारसं नसतंच, असं नवऱ्याचं म्हणणं, पण त्या दिवशी कारण होतं. वाटेत सासऱ्यांनी बोटीच्या इंजिनाशेजारचा वीजबोर्ड बघितला होता आणि त्यावरचा आकडा वाचून दाखवायचा हट्ट धरला होता. खलाशी हसत होते. मी ओशाळले होते आणि चिडले होते.

"उणं आमच्याकडेपण आहे," मी त्या बाईला म्हटलं आणि सासऱ्यांकडे हात केला. "हे बघा. तेवढं आधीच सांगून टाकते."

बाबा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म वीज कंपनीत मीटर वाचण्यात गेला. दारोदार जायचं, मान वर करायची, आकडा टिपायचा, पुढचं दार. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि मग डोक्यातून एकेक गोष्ट सुटायला लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग आपण राहतो कुठे ते. पण पाय काही विसरले नाहीत. सकाळ झाली की पायांना ड्यूटी आठवायची, आणि माणूस घराबाहेर. एकदा भाजीवाल्यानं आणून सोडलं, एकदा पोलिसांनी. एकदा तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सापडले, अनवाणी. शेवटी नवरा कामावर गेला आणि मी शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडले की बाहेरून कुलूप लावावं लागायचं. परत येऊन दार उघडलं की बाबा आत दाराशीच उभे असायचे, कपाळ फळीला टेकवून. कधी रागावले नाहीत. "दार अडकतं वाटतं," एवढंच म्हणायचे.

त्याच सुमारास नवऱ्याला बेटावरच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळायची नोकरी चालून आली. बेटाला रस्ता एकच, आणि तो गोल. माणूस चालत सुटला तरी फिरून जागेवर येणार. आम्हाला असं घर हवं होतं की बाबांना परत कधी कोंडावं लागू नये. दुसरी अटच नव्हती. म्हणजे मला खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता, पण ते मी मनातच ठेवलं होतं.

त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं आधी बोललात," ती म्हणाली. "मग आज घर नको बघायला. आज यांच्या मागून चालू या."

"चालू या म्हणजे?"

"म्हणजे हे जातील तिकडे जाऊ."

आता सांगा, घर बघायला सुट्टी काढून आलेल्या माणसाला कुणी असं म्हणतं का? पण ती निघालीसुद्धा. पुढे बाबा, त्यांच्या मागे ती, तिच्या मागे आमची बॅग घेऊन नवरा, आणि सगळ्यात मागे मी, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. बाबा प्रत्येक दारापाशी थांबायचे, वर बघायचे, पुढे जायचे.  ती बाई नुसती त्यांच्या पायांकडे आणि मानेकडे बघत होती. तिला सगळे किल्लीताई म्हणतात, हे मला दारादारातून आलेल्या हाकांवरून कळलं.

खडकांच्या बाजूला एक घर होतं. पांढऱ्या भिंती, पुढे ओटा, आणि ज्या खिडकीतून बघावं त्या खिडकीतून समुद्र. दाराला "विकणे आहे" अशी पाटी. माझा जीव तिथेच अडकला. म्हटलं, हेच.

"हे तुम्हाला देणार नाही," किल्लीताई म्हणाली.

"का? पाटी तर लावलीये."

"विकायचं आहे. पण तुम्हाला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या पैशाला काय वास येतो का, बाहेरची माणसं नकोत तर तसं तोंडावर सांगा, असं बरंच काही मी बोलले. तिनं सगळं बोलू दिलं. माझा दम संपल्यावर ती मला मागच्या दाराशी घेऊन गेली. दारातूनच दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या, थेट पाण्यात. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ चमकत होतं.

"भरतीला यातल्या निम्म्या दिसत नाहीत," ती म्हणाली. "आणि तुमचे सासरे चालताना खाली बघतच नाहीत. वर बघतात. मघापासून मी तेच बघतेय."

 माझ्या घरातला माणूस, रोज माझ्यापुढे चालणारा, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिनं दिलेलं घर बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. आत शिरायच्या आधी तिनं उणं वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. मशीनचा आवाज दिवसभर. उंबरा उंच, ठेच लागणार. ओल आली की मोरीचं दार फुगतं, खांदा लावावा लागतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पत्र्याची शेड दिसते, समुद्र कुठूनच नाही. "आता आत या," ती म्हणाली. बाबा आधीच आत गेले होते. दारावरच, जिथे असायला हवा तिथेच, मीटर होता. त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला, समाधानानं मान हलवली आणि उंबऱ्याजवळच्या बाकावर टेकले.

"यांना ऐकू नीट येतं ना?" तिनं विचारलं.

"टाचणी पडली तरी कळते," नवरा म्हणाला.

"मग झालं तर. बेटावर कुठेही असले तरी मशीनची घरघर ऐकू येते. कान घरी आणतील."

नवऱ्याचा चेहरा उजळला. मी त्या समुद्रावर पाणी सोडलं. पण खरं सांगते, मनातून गेलं नाही. पुढे कितीतरी दिवस भांडी घासताना त्या शेडच्या पत्र्याकडे बघून मी पुटपुटत असायचे.

सामान लावून झालं त्या दिवशी ती परत आली. "चला बाबा," म्हणाली, आणि त्यांना दारोदार घेऊन निघाली. तिची ती रीतच होती. घर विकलं की नव्या माणसांना घेऊन प्रत्येक दारात जायचं आणि त्यांची ओळख करून द्यायची. ओळख करून देतानाही आधी उणंच सांगायचं. "हे मीटर बघायला घरात शिरतील," ती पाववाल्याला म्हणाली. "शिरू द्या. आकडा वाचतील, 'बरोबर' म्हणा, जातील. ऊन फार असलं तर पाणी द्या." जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याला तेच, दवाखान्यातल्या कंपाउंडरला तेच. मग माझ्याकडे वळून, "आणि या टेलरबाई. हात चांगला आहे, तोंड तिखट आहे." सगळे हसले. मला राग आला, पण गिऱ्हाइकं दुसऱ्याच दिवशी आली, सोबत फाटके सदरे घेऊन.

निघताना ती म्हणाली, "शहरातलं कुलूप आणलंय का?"

आणलं होतं. ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला द्या," ती म्हणाली. "खडकावरच्या घराच्या मागच्या दाराला बरं कुलूप नाही."

मी काढून दिलं. तिच्या भल्यामोठ्या पर्समध्ये ते गेलं, आणि खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं मला हलकं वाटलं. त्या बाईचे माझ्यावर खूप उपकार आहेत, पण मोजायचेच म्हटले तर पहिला हा.

तिचं सगळं पुढे हळूहळू कळत गेलं. वडील सुतार. बेट सोडून तिकडे मुलुखात राहायला जाणारी माणसं किल्ली त्यांच्या हातात द्यायची, "दाराकडे लक्ष असू द्या" म्हणून. खाऱ्या हवेत बंद घर टिकत नाही. बिजागऱ्या गंज धरतात, गाद्यांना वास येतो, फळ्या फुगतात. म्हणून ते आठवड्यातून एकदा एकेक घर उघडायचे, खिडक्या मोकळ्या करायचे, नळ सोडायचे. ते गेले आणि किल्ल्या लेकीकडे आल्या. ती तेव्हा कारखान्यात मासळी निवडायला जायची. एकदा कुणा पाहुण्यानं विचारलं, हे घर विकायचंय का? तिनं विचारून सांगते म्हटलं, आणि वर, "पण छत गळतं हं, आधीच सांगते." त्या माणसानं छत गळतं म्हणून भाव पाडून घेतला, घर घेतलं, आणि आजतागायत राहतोय. तिथून तिचा धंदा सुरू झाला.

जेटीच्या तोंडाशी, पूर्वी दोरखंडांचं दुकान होतं त्या खोलीत ती बसते. भिंतभर खिळे, खिळ्यांना किल्ल्या, प्रत्येक किल्लीला वडिलांनी रंधा मारून दिलेला लाकडाचा तुकडा. तुकड्यांवर नावं नाहीत, खाचा आहेत. कुठली खाच कुणाची, ते तिला बोटांनीच कळतं. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि स्टोव्हवर सतत चहा ठेवणारे तिचे मिस्टर. हा माणूस दिवसभरात मोजकं बोलतो, पण जे बोलतो ते बायकोबद्दलच. "हिच्या हातून घर विकलं जायचं तर गिऱ्हाईक बहिरं हवं," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. एकदा एक बडा माणूस सूर्यास्त दिसणारं घर बघायला आला होता. हिनं भरती, वाळवी, वारा, शेजाऱ्यांचं भांडण इथपर्यंत सगळं इतकं साग्रसंगीत सांगितलं की तो आलेल्या बोटीनंच परत गेला.

"थोडं झाकलं तर काय बिघडतं हो?" मी एकदा विचारलं.

"शहरात घर विकून माणूस गर्दीत जातो," ती म्हणाली. "इथे ज्याला घर विकलं तो उद्या सकाळी पाव घ्यायला रांगेत माझ्यापुढेच उभा. त्याच्या पाठीकडे बघत मला उभं राहायचंय."

तिचं स्वतःचं उणं मात्र एकच आणि सगळ्या बेटाला ठाऊक. तिला बोट सोसत नाही. सोसत नाही म्हणजे, जेटीवर उभं राहून बोट हलताना बघितली तरी हिचा चेहरा पांढरा पडतो. लग्नाच्या खरेदीला एकदा पलीकडे गेली होती, ती अशी आडवी होऊन परत आली की त्यानंतर तिनं पाण्यावर पाय ठेवला नाही. भांडी, कपाट आणि नवरा, सगळं तिकडून मागवलं, असं लोक म्हणतात. घरविक्रीची कागदपत्रं करायला मिस्टर जातात. ती समुद्राला पाठ करून त्यांना निरोप देते.

आमचं बस्तान बसलं तसं बाबा तिच्या फेरीला जायला लागले. कुणी सांगितलं नाही, त्यांचे ते गेले. दार उघडायचं, वर बघायचं, पुढचं दार, हे काम त्यांच्या अंगातच होतं. तिनं एक जुना जुडगा त्यांच्या हातात दिला, कुठल्याच दाराला न लागणाऱ्या किल्ल्यांचा. तो खुळखुळवत ते तिच्या मागून फिरायचे. कुणी घर बघायला आलं की शेजारी उभे राहून ती काय सांगते ते ऐकायचे. घरी आले की पोटभर जेवायचे आणि गाढ झोपायचे. शहरात मी त्यांना असं झोपलेलं बघितलं नव्हतं.

सगळं छान चाललं होतं म्हणायचं. पण माणसाचं मन मोठं विचित्र. हळूहळू बाबांच्या डोक्यातून मी गेले. आधी सूनबाई म्हणायचे, मग नुसतं बाई, मग गावातले म्हणतात तसं टेलरबाई. परक्यासारखं, अदबीनं. "टेलरबाई, पाणी मिळेल का?" आणि किल्लीताईचं नाव मात्र पक्कं. सकाळी डोळे उघडले की, "किल्लीताई आली का?" त्यांचं अंघोळपाणी मी करायचं, नखं मी कापायची, शर्टाची बटणं मी लावायची, आणि आठवण कुणाची, तर दुसऱ्याच्या बायकोची. मला झोंबायचं. चांगलंच झोंबायचं. मी नवऱ्यावर राग काढायचे, शिलाईच्या मशीनवर राग काढायचे. सुया मोडायच्या.

असाच तो दिवस होता. दुपारची वेळ, मी शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसलेली. बाबा बाकावर होते, मग नव्हते. मी मान वर केली आणि परत खाली घातली. इथे त्याचं काही विशेष नसतं.

बराच वेळ गेला तशी मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बघितलं. मग पाववाल्याकडे. "इथून गेले, जेटीकडे," तो म्हणाला. जाळीवाला म्हातारा म्हणाला, "हो, हातात किल्ल्या होत्या." मी जेटीवर पोचले तेव्हा बोट निघून गेली होती, आणि हमाल अगदी सहज म्हणाला, "बाबा ना? बोटीत बसले की. किल्लीताईच्या कामाला निघालेत ना?"

 झालं होतं असं की बाबांना सगळीकडे बघायची सगळ्यांना सवय झाली होती. कुणाच्याही घरात शिरले तरी शिरू द्यायचे, तसे ते बोटीत शिरले आणि लोकांनी शिरू दिलं. कुणी बसायला जागा दिली, कुणी टाटा केलं. खलाशी बदली होता, पलीकडचा, त्याला काहीच माहीत नव्हतं. आणि मिस्टर कागदपत्रांना जातात तसे बाबाही किल्लीताईसाठीच निघाले असतील, असं प्रत्येकानं धरून चाललं होतं. इतकी माणसं, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

पलीकडच्या जेटीला लागूनच बाजार आहे आणि बाजाराला लागून एसटी स्टँड. कुठल्याही गावाची गाडी मिळते. मिस्टरांनी तिकडच्या तिकीट खिडकीला फोन लावला. "म्हातारे गृहस्थ? उतरले की. गेले," एवढं बोलून त्या माणसानं फोन ठेवला.

किल्लीताई खोलीच्या दारात उभी होती. मी तिच्यावरच तुटून पडले. दुसरं कोण होतं? "सगळं उणं सांगितलंत," मी ओरडले. "उंबरा सांगितलात, मोरीचं दार सांगितलंत. हे का नाही सांगितलंत? गोल रस्ता, कान घरी आणतील, आणि ही बोट? ती कुठे जाते ते नव्हतं माहीत तुम्हाला?"

 तोपर्यंत कारखान्यातून नवरा धावत आला होता. मासळीवाल्याची छोटी बोट धक्क्याला होती, तो इंजिन चालूच करत होता. नवरा उतरला, मी उतरले. आणि मागून किल्लीताई पायऱ्या उतरायला लागली, एका हातानं साडीच्या निऱ्या धरून, दुसऱ्या हातानं कठडा.

"तू कुठे?" मिस्टर म्हणाले. हातातला चहाचा कप तसाच तिरका.

"ते माझ्या ओळखीवर बसलेत," ती म्हणाली. "मला जायला हवं."

त्या प्रवासाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. बेट सुटायच्या आधीच तिला उलटी झाली, आणि पलीकडे पोचेपर्यंत होतच राहिली. मी मघाशी ज्या बाईवर ओरडले होते तिचं कपाळ धरून बसले होते. तिचा चष्मा माझ्या ओच्यात. मधेच डोळे मिटून ती म्हणाली, "बरोबर बोललीस तू. बोटीचं सांगायला हवं होतं. मीच कधी बसत नाही ना, म्हणून ती माझ्या ध्यानातच येत नाही." मला रडू फुटलं. तिनं माझा हात घट्ट धरला, आणि परत वाकली.

नवरा उतरल्या उतरल्या स्टँडकडे पळाला. आम्ही दोघी जेटीवरच्या शेडमध्ये शिरलो, कारण ताईला त्याहून पुढे चालवत नव्हतं. संध्याकाळच्या बोटीची माणसं बाकांवर बसली होती. पोती, टोपल्या, बॅगा. मी एकेक चेहरा बघत चालले होते. माणसांच्या गलक्यात वेगळं काही ऐकू येत नव्हतं. आणि मग ऐकू आलं.

किल्ल्यांचा खुळखुळाट.

शेवटच्या बाकापाशी बाबा उभे होते. समोर एक तरुण बाई आणि तिचा नवरा, पायाशी नवीकोरी सुटकेस. पुढे कळलं, ती आमच्याच दवाखान्यात नेमणूक झालेली नर्स. हातात जुडगा बघून तिनंच विचारलं होतं, बेटावर घर मिळेल का म्हणून. बाबा मान ताठ करून म्हणत होते, "आधी घराचं उणं सांगतो, मग घर दाखवतो. चालेल?"

मी पुढे धावणार, तेवढ्यात ताईनं माझं मनगट धरलं. "थांब जरा," ती म्हणाली. "बोलू दे त्यांना."

"आवाज आहे," बाबा सांगत होते. "मशीनचा. दिवसभर. होते सवय. उंबरा उंच आहे, ठेच लागते. मोरीचं दार फुगतं. आणि समुद्र दिसत नाही कुठून, त्यावरून घरात कुरकुर चालू असते."

मी तोंडावर हात ठेवला. मला वाटायचं, माझी कुरकुर फक्त भांड्यांना ऐकू जाते.

"अजून काही?" नर्सनं हसून विचारलं.

बाबा विचारात पडले. बोटं किल्ल्यांवरून फिरत होती. "सून तापट आहे," ते म्हणाले.

"कुणाची सून?"

"माझी. कपडे शिवते. एकदा तोंड सुटलं की थांबत नाही." मग जरा पुढे वाकून, काहीतरी खास सांगावं तसं म्हणाले, "पण दाराला कडी लावत नाही. कधीच नाही लावत. कुठूनही, कधीही या, दार उघडं असतं."

नर्सच्या नवऱ्याला घर आवडलं असावं. "कितीला द्याल?" त्यानं विचारलं.

"छे," बाबा म्हणाले. "द्यायचं नाहीये. मी राहतो तिथे."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी खाली फरशीवरच बसले एवढं आठवतं. ताई माझ्या शेजारी बसली, आणि आम्ही दोघी बाजारच्या माणसांदेखत, पदरात तोंड खुपसून रडलो. नवरा स्टँडवरून धापा टाकत आला, त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं. मी नुसतं बाबांकडे बोट केलं.

परतीच्या बोटीत किल्लीताई नर्सच्या शेजारी बसली. चेहरा पांढराफटक, हातात पिशवी तयार. "यांनी घराचं उणं सांगितलं," ती म्हणाली. "आता मी बेटाचं सांगते. पहिलं उणं ही बोट." आणि पिशवीत वाकली. तेव्हापासून तिच्या यादीत बोट सगळ्यात वर असते. बदली खलाशी आला की ती धक्क्यावर जाऊन त्याची आणि बाबांची ओळख करून देते, किनाऱ्याकडे तोंड करून. नर्सला तिनं खडकावरचं घर दिलं. मागच्या दाराला आमचं कुलूप आहे.

मी देवाधर्माचं फार करत नाही, आणि कुणाचं कौतुकही माझ्या तोंडून सहज निघत नाही. पण या बाईनं मला समुद्राचं घर नाकारलं आणि उघडं दार दिलं. घास घेताना मला तिची आठवण येते. आता आणखी काय सांगू?

त्या संध्याकाळी धक्क्यावर उतरलो तर अर्धं बेट जमलेलं. मिस्टर चहाची किटली घेऊन उभे. बाबा कुणाशीच थांबले नाहीत. मशीनची घरघर ऐकू आली तसे पावलं उचलत निघाले, वर बघत, एकेक दार मागे टाकत. आम्ही मागून चाललो. घरी पोचले तर दार सताड उघडं. दुपारी धावत सुटताना मी ते तसंच टाकून गेले होते. मशीनवर गणवेश अर्धा शिवलेला, पंखा गरगरतोय.

बाबांनी उंबरा जपून ओलांडला, मीटरचा आकडा वाचला आणि बाकावर टेकले. मग माझ्याकडे बघून अदबीनं म्हणाले, "टेलरबाई, माझी सून कुठे गेली?"

"येईल आत्ता," मी म्हटलं. "तोवर चहा ठेवते."